परदेशात शाळेचं एक वर्ष: एक्स्चेंज विद्यार्थ्याच्या रोजच्या जगण्याची तयारी, क्रमवार

संभाजीनगर, लातूर, नांदेडकडून एक्स्चेंजला जाणाऱ्या लेकरांचं घोडं व्हिसात क्वचितच पेंड खातं. ते पेंड खातं बाथरूमच्या ओल्या फरशीवर, जेवणाच्या टेबलावर सवयीनं ‘नको’ म्हटल्यावर आणि घरून रोज रात्री येणाऱ्या फोनमुळे. तरी घरोघरी तयारी होते ती बॅगेची आणि मुलाखतीची. हा लेख १५ ते १८ वयाच्या, एएफएस किंवा रोटरीसारख्या संस्थेमार्फत शाळेच्या एका वर्षासाठी होस्ट फॅमिलीत, म्हणजे तिथल्या यजमान कुटुंबात, राहायला जाणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः अमेरिका, जर्मनी आणि जपानची आहेत. टप्प्यांचा क्रम मात्र कुठल्याही देशासाठी हाच ठेवा. पहिले चार टप्पे पालकांनी वाचायचे, पुढचे घरातल्या सगळ्यांनी.

टप्पा १ : कोणतं वर्ष द्यायचं ते आधी ठरवा

देश नंतर, वर्ष आधी. आपल्याकडे दोन पर्याय उरतात: दहावी झाल्यावर लगेच, किंवा अकरावी झाल्यावर.

दहावीनंतर जाणं जास्त सोयीचं. निकाल मे-जूनमध्ये लागतो, अमेरिकेतली शाळा ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत भरते, जर्मनीत राज्यागणिक ऑगस्ट-सप्टेंबर. जपानचं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, त्यामुळे तिथली एक तुकडी मार्च-एप्रिलमध्येही निघते. परत आल्यावर अकरावीला नव्यानं प्रवेश घ्यायचा. एक वर्ष मागं पडतं, पण कागदोपत्री गुंता होत नाही.

अकरावीला प्रवेश घेऊन मध्येच निघून जाणं हा सगळ्यात महाग पडणारा प्रकार. हजेरी भरत नाही, परीक्षा होत नाही आणि आल्यावर पुन्हा अकरावीच करावी लागेल असं धरून चालावं. ‘तिथलं वर्ष इथं धरतील’ असं तोंडी आश्वासन कुणी दिलं असेल, तर ते प्राचार्यांच्या सहीशिक्क्याच्या पत्रावर येऊ द्या. बीड, जालना, परभणी, हिंगोली आणि संभाजीनगर जिल्ह्यांसाठी बोर्डाचं विभागीय मंडळ संभाजीनगरला आहे. लातूर, नांदेड, धाराशिवसाठी लातूरला. लेखी प्रश्न तिथंच विचारायचा.

लातूर पॅटर्नच्या तयारीत असलेल्या घरांसाठी स्पष्टच सांगतो: त्या वर्षात नीटचा किंवा जेईईचा अभ्यास होत नाही. सोबत पुस्तकांचा गठ्ठा पाठवलात, तर लेकरू धड इकडचं राहत नाही, धड तिकडचं होत नाही.

*सावध:* अमेरिकेत बहुतेक शाळा एक्स्चेंज विद्यार्थ्याला डिप्लोमा, म्हणजे शाळा पूर्ण केल्याचा दाखला, देत नाहीत, फक्त गुणपत्रक देतात. डिप्लोमाच्या भरवशावर इकडची बारावी टाळायचा बेत आखू नका.

टप्पा २ : नाव, जन्मगाव आणि पासपोर्ट

जन्मदाखला, आधार आणि दहावीची गुणपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि इंग्रजी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. नेहमीच्या चुका अशा:

— ग्रामपंचायतीच्या जन्मदाखल्यावर मुलाचं नावच नसतं, नुसतं ‘पुरुष’ किंवा ‘स्त्री’ असतं. नाव आधी नोंदवून घ्या.
— गुणपत्रिकेवर आडनाव, नाव, वडिलांचं नाव असा क्रम असतो. पासपोर्टात ‘सरनेम’ आणि ‘गिव्हन नेम’ असे दोनच रकाने. वडिलांचं नाव ‘गिव्हन नेम’मध्ये घातलं की तिथल्या शाळेच्या संगणकात तेही मुलाचंच नाव म्हणून चढतं. अर्जात ‘हाक मारायचं नाव’ असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका.
— एका कागदावर औरंगाबाद, दुसऱ्यावर छत्रपती संभाजीनगर. तसंच उस्मानाबाद आणि धाराशिव. २०२३ च्या नामांतरानंतर हे होणारच. पासपोर्टावर जे छापून आलं तेच पुढं प्रत्येक अर्जात लिहा. एका अर्जात जुनं, दुसऱ्यात नवं असं करू नका.

पासपोर्ट काढताना १५ ते १८ वयाच्या मुलांना दोन पर्याय असतात: १८ वर्षं पूर्ण होईपर्यंतचा, किंवा पूर्ण १० वर्षांचा. पाचशे रुपये वाचवायला पहिला घेतला, तर सतराव्या वर्षी गेलेल्या मुलाचा पासपोर्ट परदेशातच संपतो. १० वर्षांचाच घ्या. आईवडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट ‘डी’ लागतं. एकाची सही मिळू शकत नसेल तर परिशिष्ट ‘सी’.

*तपासा:* पासपोर्ट हातात आला की घरी पाकिटात टाकण्याआधी नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ मोठ्यानं वाचा.

टप्पा ३ : लसी आणि दाखले (निघण्याच्या ६ महिने आधी)

हा टप्पा सगळ्यात उशिरा सुरू होतो आणि सगळ्यात जास्त अडवतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात लेकराच्या सगळ्या लसी झाल्या असल्या, तरी सरकारी वेळापत्रकात गोवर किंवा गोवर-रुबेला असते. गालगुंडाची लस नसते आणि कांजिण्यांचीही नसते. अमेरिकेतल्या शाळा राज्याच्या नियमाप्रमाणे या लसी मागतात आणि नोंद पुरी नसेल तर वर्गात बसू देत नाहीत.

१. जुनं लसीकरण कार्ड शोधा. हरवलं असेल तर डॉक्टरांकडून लस पुन्हा घेणं किंवा रक्तातली प्रतिपिंडं तपासून घेणं, हे दोनच मार्ग.
२. एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला अशी एकत्र लस) दोन डोस, मध्ये किमान २८ दिवस.
३. कांजिण्यांचे दोन डोस. १३ वर्षांपुढच्यांना मध्ये किमान ४ आठवडे. एमएमआर आणि कांजिण्या एकाच दिवशी चालतात. एका दिवशी नाही जमलं तर मध्ये २८ दिवस सोडावे लागतात.
४. क्षयाची तपासणी मागितली असेल तर त्वचेवरची मांटू चाचणी एमएमआरच्या दिवशीच करा किंवा ४ आठवड्यांनी. मधल्या काळात तिचा निकाल फसवा येऊ शकतो.

आपल्याकडं जन्मतःच बीसीजी ही क्षयाची लस टोचलेली असते. तिच्यामुळे मांटू चाचणी आजार नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग तिथली शाळा घाबरते. इग्रा नावाच्या रक्तचाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही, तेव्हा शक्य असेल तर तीच करून इंग्रजी अहवाल सोबत द्या.

दात आणि डोळे इथंच उरकून घ्या. संस्थेच्या विम्यात दातांची नेहमीची कामं आणि चष्मा सहसा बसत नाही. चष्मा असेल तर दोन जोड आणि नंबरचा कागद.

टप्पा ४ : व्हिसा

अमेरिकेसाठी क्रम असा: संस्थेकडून डीएस-२०१९ (एक्स्चेंजला निवड झाल्याचा फॉर्म) येतो, मग सेव्हिसची (परदेशी विद्यार्थ्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेची) २२० डॉलर फी, मग डीएस-१६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज, मग मुंबईत बोटांचे ठसे आणि मुलाखत. ठसे आणि मुलाखत बहुधा वेगवेगळ्या दिवशी असतात, म्हणून मुक्काम धरूनच जा. देवगिरीनं किंवा नंदिग्रामनं सकाळी उतरून तिथून थेट मुलाखतीला धावणं नको; गाडी दोन तास लेट झाली की वेळ हुकली. डीएस-१६० मध्ये गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती लिहावी लागतात आणि २०२५ पासून ती सार्वजनिक ठेवायला सांगितलं जातं. लेकराचं दुसरं गुपचूप खातं असेल तर ते तेव्हाच विचारून घ्या.

डीएस-२०१९ पासपोर्टासोबत हातातल्या बॅगेत राहतो. चेक-इन सामानात टाकला तर तिकडं उतरल्यावर दाखवायला काहीच नसतं.

टप्पा ५ : घरातली तालीम (शेवटचे दोन महिने)

सगळ्या टप्प्यांत हा महत्त्वाचा, आणि बहुतेक घरी हाच होत नाही.

*‘नको’ची तालीम.* आपल्याकडे पाहुणा पहिल्यांदा ‘नको’ म्हणतो, घरचे आग्रह करतात, तिसऱ्यांदा पाहुणा ताट पुढं करतो. होस्ट फॅमिलीत हे चालत नाही. टेबलावर भांडं फिरत येतं, ‘आणखी हवं का?’ असं एकदाच विचारतात. ‘नो, थँक यू’ म्हटलं की भांडं पुढं गेलं, ते परत येत नाही. लेकरू उपाशी झोपतं आणि त्या घराला पत्ताही नसतो. म्हणून दोन महिने घरात नियम करा: एकदाच विचारायचं, आग्रह करायचा नाही. हवं असेल तर ‘हो’, नको असेल तर ‘नको’. आजीला जड जाईल, पण तिलाही सांगा.

*अंघोळ.* बादली-तांब्या बंद. शॉवरखाली, पडदा टबाच्या आत सोडून, ७-८ मिनिटांत. घरात शॉवर नसेल तर निदान घड्याळ लावून अंघोळ करायची आणि बाहेर पाण्याचा थेंब न सांडता यायचं.

*कपडे.* आठवडाभराचे कपडे साठवून, रंग वेगळे करून, लेबल वाचून मशीनला लावणं, वाळवणं, घडी घालणं. निदान चार वेळा, कुणी मदत न करता.

*उठणं.* हाक मारून उठवणं आजपासून बंद. गजर आणि लेकरू, बस.

*दोन पदार्थ.* एक पिठलं, एक थालीपीठ. भाकरी नको. ज्वारीचं पीठ सगळीकडे मिळत नाही आणि थापायला हात बसायला दोन महिने पुरत नाहीत; मोडकी भाकरी दाखवून कुणालाच आनंद होत नाही. पिठल्याचं माप पाठ करा: चौघांना १ वाटी बेसन, ३ वाट्या पाणी, १ कांदा, ५-६ लसणाच्या पाकळ्या, अर्धा चमचा हळद, तिखट निम्मं. बेसन आधी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, मग फोडणीत ओतायचं. गरम पाण्यात कोरडं टाकलं की गुठळ्या झाल्याच.

*कुलूप.* अमेरिकेच्या शाळेत लॉकरला आकड्यांची चकती असते. उजवीकडे तीन पूर्ण फेरे मारून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे फिरवत पहिला आकडा एकदा ओलांडून दुसऱ्यावर यायचं, आणि मग उजवीकडे सरळ तिसऱ्यावर. तासांमधल्या चार-पाच मिनिटांत हे जमलं नाही की उशिराचा शेरा पडतो. असं एखादं कुलूप विकत घेऊन सराव करता आला तर उत्तम.

*तपासा:* निघण्याआधी दोन दिवस लेकरू एकटं घर सांभाळू शकतं का? स्वयंपाक, कपडे, भांडी, वेळेवर उठणं. नाही जमलं तर काय राहिलं ते कळतं आणि अजून वेळ हातात असतो.

टप्पा ६ : बॅग

एक बॅग बहुधा २३ किलोची. जाताना १८ किलोच भरा, येताना जागा लागते.

जाड कोट इथून घेऊ नका. मराठवाड्याच्या थंडीला घेतलेलं जॅकेट उणे तापमानात कामाचं नाही आणि निम्मी बॅग खातं. दोन जोड थर्मल, एक स्वेटर पुरे. कोट आणि बूट तिथं होस्ट आईला विचारून घ्यायचे.

चार्जरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलंय का पाहा. लिहिलं असेल तर फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो. इथला हेअर ड्रायर किंवा इस्त्री अमेरिकेच्या १२० किंवा जपानच्या १०० व्होल्टवर नीट चालत नाही, ती घरीच ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

खाण्याचं सामान: येसर, काळा मसाला, सुकी लाल चटणी सीलबंद, आत काय आहे त्याची इंग्रजी चिठ्ठी वर चिकटवून. कस्टमच्या अर्जात ‘अन्न आहे’ असंच लिहायचं; लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर काढून घेतात. युरोपियन संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, खवा, तूप बाद.

*सावध:* घरच्या मसाल्यात खसखस असेल तर तो मसाला ठेवून जा. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे आणि आपल्याकडची बरीच विमानं दुबई-अबुधाबीमार्गे जातात. हरभऱ्याएवढ्या पुडीसाठी विमानतळावर अडकून बसण्यात अर्थ नाही.

औषधं मूळ पट्टीत, सोबत डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी, तीत कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. जपानला जाणाऱ्यांनी सर्दीच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवाव्यात. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं तिथं चालत नाहीत.

टप्पा ७ : पहिली संध्याकाळ

इथून पुढचं थेट तुझ्यासाठी. रोटरीत याला ‘पहिल्या रात्रीचे प्रश्न’ म्हणतात. संस्था कोणतीही असो, यादी कागदावर लिहून ने आणि पहिल्या किंवा दुसऱ्या संध्याकाळी होस्ट आईवडिलांसोबत बसून एकेक विचार. थकलोय, नंतर बघू म्हणून टाळलंस, की महिनाभरानं तेच प्रश्न तक्रार होऊन समोर येतात.

१. तुम्हाला काय म्हणून हाक मारू? (नावानं हाक मारायला सांगितली तर नावानंच मार. आपल्या काका-काकूच्या सवयीनं अवघडून राहू नकोस.)
२. सकाळी बाथरूमची माझी वेळ कोणती, किती मिनिटं?
३. फ्रिजमधलं काय न विचारता घेऊ शकतो? काय नाही?
४. माझ्या वाटणीचं काम कोणतं?
५. कपडे धुण्याचा माझा वार कोणता? आतले कपडे मशीनमध्येच टाकायचे का?
६. झोपायची वेळ, फोन आणि वायफाय कधीपर्यंत?
७. बाहेर गेल्यावर कितीपर्यंत परतायचं? उशीर झाला तर कुणाला कळवायचं?
८. खोलीचं दार उघडं ठेवायचं की बंद?
९. कुत्रा-मांजर असेल तर कुठं येऊ द्यायचं नाही?
१०. घरात कुणाला कशाची ॲलर्जी आहे का?

दहावा प्रश्न गाळू नकोस. आपण दाण्याचं कूट मिठासारखं वापरतो आणि तिकडं शेंगदाण्याची ॲलर्जी जिवावर बेतू शकते. उत्तर ‘हो’ आलं, तर सोबतची शेंगदाण्याची चटणी न उघडता त्यांच्या हातात दे. शाळेच्या डब्यातही दाणे चालतात का ते विचार.

मुलींनी पॅड कुठं टाकायचं ते होस्ट आईला पहिल्याच दिवशी विचारून घ्यावं. कागदात गुंडाळून कचऱ्यात. कमोडमध्ये कधीच नाही.

टप्पा ८ : पहिला पंधरवडा

सरकारी नोंदणी आधी. जर्मनीत घराचा पत्ता दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात नोंदवावा लागतो आणि घरमालकाच्या सहीचा कागद लागतो, तेव्हा होस्टला पहिल्याच आठवड्यात आठवण कर. जपानमध्ये १४ दिवसांत, तिथं रहिवासी कार्ड सोबत न्यायचं. इटलीत राहण्याच्या परवान्याचा अर्ज कामाच्या ८ दिवसांत करायचा. अमेरिकेत संस्थेला पोचल्याचं लगेच कळवायचं, पुढची नोंद तेच करतात.

शाळेत विषय निवडताना एक भाषेचा, एक इतिहासाचा किंवा समाजशास्त्राचा, एक हातानं करायचा (चित्र, सुतारकाम, स्वयंपाक) आणि उरलेले गणित-विज्ञान असे घे. सगळे विज्ञान घेणारी मुलं पहिल्या महिन्यात भाषेत बुडतात आणि दोस्त जमवायला त्यांना वेळच उरत नाही. खेळ किंवा गाण्याच्या गटाची नावनोंदणी पहिल्या आठवड्यातच होते, ती चुकवू नकोस. दोस्ती वर्गात कमी, तिथं जास्त होते.

जर्मनीत १ हा सगळ्यात चांगला गुण, ६ सगळ्यात वाईट. घरी गुणपत्रक पाठवण्याआधी एवढं लिहून पाठव, नाहीतर रात्री बारा वाजता वडिलांचा फोन येईल.

टप्पा ९ : रोजचं घर

*ओली फरशी.* तिकडच्या बऱ्याच बाथरूमच्या फरशीला मोरीसारखं पाणी जायला भोक नसतं. खाली लाकूड असतं. पाणी झिरपलं की खालच्या मजल्याच्या छतावर डाग उठतो. अंघोळीनंतर अंग बाहेरच्या पायपुसण्यावर उभं राहून नाही, टबातच पुसायचं आणि मग बाहेर. केस गळाले तर जाळीतून काढून कचऱ्यात. अमेरिकेत गरम पाण्याची टाकी बहुधा १५० ते १९० लिटरची असते. वीस मिनिटं शॉवर चालवलास तर तुझ्यानंतर जाणाऱ्याला गार पाणी. तो बोलणार नाही, मनात ठेवेल. संडासात पाण्याची बाटली वापरायची असेल तर वापर, पण जमिनीवर थेंब नको, आणि बाटली उघड्यावर ठेवू नकोस.

*तेल.* डोक्याला खोबरेल लावून झोपलास तर उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडतो आणि तो धुतल्यानं नीट जात नाही. लावायचंच तर धुण्याआधी तासभर, जुना टॉवेल गुंडाळून.

*कचरा.* जर्मनीत कागदाचा निळा, वेष्टनांचा पिवळा, ओल्याचा तपकिरी, उरलेल्याचा काळा किंवा करडा डबा; गावागणिक थोडा फरक असतो. डब्याच्या झाकणांचा फोटो काढून ठेव. प्लास्टिकची बाटली आणि कॅन टाकून देऊ नकोस, दुकानातल्या मशीनमध्ये परत दिल्यावर २५ सेंट मिळतात. रविवारी दुकानं बंद आणि आवाजाची कामंही बंद. काचेच्या बाटल्या डब्यात टाकायलाही सोमवार बघायचा.

*जेवण.* अमेरिकेत संध्याकाळी ६ ते साडेसहा, जर्मनीत बऱ्याच घरी रात्रीचं जेवण म्हणजे ब्रेड, चीज आणि काकडी, गरम काही नाही. नऊ वाजता पुन्हा भूक लागणारच. त्यासाठी तिसरा प्रश्न विचारला होतास.

शाकाहारी असशील तर नुसतं ‘व्हेजिटेरियन’ म्हणून भागत नाही. काहींना मासे त्यात धरता येतात असं वाटतं, सूपमध्ये कोंबडीचा रस्सा असतो, जेलीत जिलेटिन, जपानमध्ये तर साध्या सूपलाही माशाचा अर्क. तीन रकाने लिहून फ्रिजवर लाव: खातो, खात नाही, दुसऱ्यानं खाल्लं तर चालतं. उपवासाच्या तारखाही आठवडाभर आधी सांग. टेबलावर बसल्यावर ‘आज एकादशी’ म्हटलं, तर केलेला स्वयंपाक वाया जातो.

पिठलं करण्याआधी: धुराडं म्हणजे एक्झॉस्ट पंखा सुरू, खिडकी उघडी, तेल धुरावू द्यायचं नाही, मोहरी टाकली की झाकण. छताला धुराचा भोंगा असतो. मिरच्या तव्यावर भाजून ठेचा करायचा मोह झाला तर तो भोंगा वाजणारच, आणि काही इमारतींत बंब येतो. हळदीचे डाग पांढऱ्या ओट्यावर आणि प्लास्टिकच्या डब्यावर पक्के बसतात, लगेच पूस. मसाला निम्मा घाल, ठेचा वेगळा ठेव. आणि भांडी तूच धू, नाहीतर पुढच्या वेळी ओट्याजवळ येऊ देणार नाहीत.

*‘थँक यू’ आणि ‘सॉरी’.* आपण घरच्यांना आभार मानत नाही, परकं वाटतं. तिथं मीठ पुढं केलं तरी म्हणायचं. न म्हटलेलं खटकतं.

*सावध:* रोटरीचे चार नियम: दारू नाही, अमली पदार्थ नाहीत, गाडी चालवणं नाही, प्रेमप्रकरण नाही. दुसऱ्या संस्थांचेही नियम साधारण याच वळणाचे असतात. गावी मोटरसायकल चालवत असशील, तरी तिथं स्टिअरिंगला हात लावू नकोस. हे मोडलं की परतीचं तिकीट.

टप्पा १० : घरचा फोन

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, अर्धा-पाऊण तास. नांदेडला रविवारी रात्री ८ वाजता फोन लावला, तर जर्मनीत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार, हिवाळ्यात साडेतीन. अमेरिकेच्या मध्य भागात सकाळचे साडेनऊ किंवा साडेआठ. जपानसाठी आपली संध्याकाळची ५ ची वेळ घ्या, तिथं साडेआठ झालेले असतात. युरोपात घड्याळ ऑक्टोबर आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी बदलतं, अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारी.

पालकांनो, रोज फोन नको. लेकरू दिवसभर परक्या भाषेत धडपडतं, रात्री तासभर मराठीत रडतं आणि सकाळी पुन्हा शून्यापासून सुरू करतं. नव्याचे नऊ दिवस संपले की तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात रडारड होते, दिवाळीला पुन्हा होते. त्या दोन वेळी परतीचं तिकीट बघायला बसू नका. होस्ट फॅमिलीला थेट फोन करून जाब विचारणं तर अजिबात नको. काही वाटलं तर संस्थेच्या इथल्या माणसाला कळवा.

टप्पा ११ : बिनसलं तर

क्रम पाळायचा. आधी होस्टशी समोरासमोर, एका वेळी एकच गोष्ट, जेवणाच्या वेळी नाही. आठवडाभरात फरक पडला नाही तर स्थानिक कोऑर्डिनेटरला. त्याच्याकडूनही उत्तर नाही, तर संस्थेचा चोवीस तासांचा नंबर. घर बदलणं ही संस्थेच्या रोजच्या कामातली गोष्ट आहे, त्यात कुणाची बदनामी नाही.

याला एक अपवाद: कुणी अंगाला नकोसा हात लावला, धमकावलं, खोलीत शिरलं, उपाशी ठेवलं, पासपोर्ट काढून घेतला, तर क्रम सोडायचा. त्याच क्षणी कोऑर्डिनेटर किंवा शाळेतला समुपदेशक, धोका असेल तर पोलीस. युरोपियन संघात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये पोलीस ११० आणि रुग्णवाहिका ११९. हे नंबर फोनशिवाय एका कागदावरही लिहून खिशात ठेव.

टप्पा १२ : परतीची कागदपत्रं

शेवटचे दोन महिने निरोपाच्या गडबडीत जातात, म्हणून मार्चमध्येच शाळेच्या ऑफिसात अर्ज दे. काय हवं: शिक्क्याचं गुणपत्रक दोन प्रती, हजेरीचा दाखला, विषयांची यादी आणि गुणांची पद्धत समजावणारा कागद. जर्मन किंवा जपानी कागद असेल तर इंग्रजी भाषांतर तिथूनच करून आण.

पालकांकडे तोवर दुसरं काम असतं. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत आणि नोंदणी सुरू होते तेव्हा लेकरू अजून तिकडंच असू शकतं. जर्मनीत शाळा जुलैपर्यंतही चालते. म्हणून दहावीची मूळ गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला कधीच सोबत पाठवायचे नाहीत, घरीच ठेवायचे. नॉन-क्रीमिलेअर आणि उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत वर्षभरात संपली का ते एप्रिलमध्ये बघून नूतनीकरणाला टाका. मध्ये खंड पडल्याचं प्रतिज्ञापत्र मागतील, ते करून ठेवा आणि संस्थेचं सहभागाचं प्रमाणपत्र त्याला जोडा.

अमेरिकेचा कार्यक्रम संपल्यावर नियमानं ३० दिवसांची मुदत असते, पण बऱ्याच संस्था स्वतःची परतीची तारीख ठरवतात आणि तीच पाळावी लागते. जर्मनीतून निघताना पत्त्याची नोंद रद्द करायची असते. तिथल्या बँकेतलं खातं उघडलं असेल तर तेही निघण्याआधी, स्वतः जाऊन बंद कर. इकडून ते बंद करायला महिने लागतात.